अडलेलं वजन

२०२५ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत माझी स्नॅच ४२ किलोंवर अडून राहिली. 'अडली' हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आमचे कोच तिला 'स्लम्प' म्हणायचे. स्लम्पसाठी मराठीत घसरण, मंदी, पडता काळ असे शब्द हाताशी आहेत, पण काहीतरी खाली चाललं आहे हे त्या सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. अडण्याचं तसं नाही. गाडा चिखलात अडतो, बाई बाळंतपणात अडते, पैशावाचून काम अडतं. पुढे काय होणार, हे अडलेलं असताना सांगता येत नाही.

मला नेमकं तेच सांगता येत नव्हतं. मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि हा खेळ एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू केला. आमच्या जिममधल्या विशीतल्या मुलींचं वजन अडतं तेव्हा ते फक्त अडलेलं असतं. त्या चिडतात, आठवडाभर तोंड पाडून हिंडतात आणि दोन महिन्यांनी पुढे जातात. माझ्या वयात तीच गोष्ट दोन प्रकारे वाचता येते. कदाचित हा मधला अडथळा असेल. कदाचित माझ्या शरीराने जे शिखर गाठायचं होतं ते गाठून झालं असेल आणि इथून पुढे उतार. शिखरावर पाटी लावलेली नसते. ते मागे पडल्यावरच कळतं. वेटलिफ्टिंगच्या मास्टर्स स्पर्धांत दर पाच वर्षांनी गट बदलतो. वेगवेगळ्या वयाच्या खेळाडूंची तुलना करायची तर उचललेल्या वजनाला वयाच्या गुणकाने गुणतात, आणि वय वाढेल तसा गुणक वाढतो. म्हणजे उतार तक्त्यातच धरलेला आहे. तो माझ्या बाबतीत कधी सुरू होतो, एवढंच तक्ता सांगत नाही.

जिम के. आर. पुरमला आहे, सगळे ज्याला हँगिंग ब्रिज म्हणतात त्या पुलापासून जवळ. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. बार जमिनीवर आपटला की टायरवाले वर बघतात, आता तेही बघत नाहीत. कोचनी रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी केलेली. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर. आमची भाषा म्हणजे कन्नड, हिंदी आणि हातवारे. कन्नडमध्ये 'एत्तु' म्हणजे 'उचल', आणि 'एत्तु' म्हणजे बैलसुद्धा. पहिल्या वर्षी ते 'एत्तु, एत्तु' ओरडायचे तेव्हा माझ्यातल्या अनुवादिकेला दोन्ही अर्थ एकदम ऐकू यायचे आणि हसू यायचं. गेल्या पावसाळ्यात येईनासं झालं.

स्नॅच म्हणजे जमिनीवरचा बार एका झपाट्यात डोक्यावर. बघणाऱ्याला वाटतं, वजन वर फेकायचं आहे. प्रत्यक्षात जड बार फार वर येतच नाही. तो पोटाच्या, छातीच्या उंचीपर्यंत येतो आणि तेवढ्या क्षणात लिफ्टरने त्याच्याखाली बैठकीत जायचं असतं. वर ओढणं आणि खाली जाणं यांच्या मधला तो पालट हीच सगळी लिफ्ट. सरांनी माझे व्हिडिओ काढले. ४० किलोंना बार मांडीला चिकटून वर यायचा. ४३ लावले की तोच बार कमरेपाशी पुढे झुलायचा आणि मी त्याच्यामागे एक पाऊल धावायचे. बार पुरेसा वर येत होता. मी पुरेशी खाली जात नव्हते.

सर म्हणाले, "मेट्रोसारखं झालंय." के. आर. पुरमच्या माणसाला याचा खुलासा लागत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये व्हाइटफील्डकडून मेट्रो इथवर आली. बैयप्पनहळ्ळीहून पुढे शहरात जाणारी लाइन आधीपासून होतीच. मधला दोनेक किलोमीटरचा तुकडा मात्र ऑक्टोबरपर्यंत सुरू झाला नाही. तोवर लोक इथे उतरायचे, बसने टिन फॅक्टरीच्या गर्दीतून जायचे आणि पुन्हा मेट्रोत बसायचे. "दोन्हीकडची लाइन तयार आहे मॅडम, मधलं कनेक्शन नाही." आणि मग रोजचं वाक्य, "स्वल्प कम्मी माडि." थोडं कमी करा.

थोडं म्हणजे ३० किलो. आठ आठवडे त्याहून जड काही नाही. बार गुडघ्याच्या उंचीच्या ठोकळ्यांवर ठेवून फक्त मधला तुकडा, तीन-तीनदा. मग बार खांद्यावर घेऊन नुसतं खाली जाणं. शेवटी स्क्वॉट, ते मात्र जड. शेजारच्या प्लॅटफॉर्मवर कॉलेजची मुलगी माझ्या वजनाने वॉर्म-अप करायची आणि 'गुड जॉब, आंटी' म्हणायची. कोणी मुद्दाम काही बोलत नव्हतं. पण हलकं वजन सुबक उचलत राहण्यात म्हातारपणाची तालीम चालल्यासारखं वाटायचं.

तालीम. ज्या जागी कसरत करतात तीही तालीम आणि नाटकाची करतात तीही तालीम. मराठीने या दोन्हींत फरक केला नाही, याचा त्या दिवसांत आधार वाटला. प्रयोग कधी आहे हे तालमीला माहीत असावंच लागतं असं नाही.

माझं सगळं अडलेलं असतानाच सरांनी मीराबाई चानूचा व्हिडिओ दाखवला. तिची कारकीर्द आकड्यांत वाचली तर अडणं आणि उतार यांतला फरक किती उशिरा कळतो ते दिसतं. २०१६ मध्ये रिओत क्लीन अँड जर्कचे तिचे तिन्ही प्रयत्न फसले. एकूण वजन लागलंच नाही. पुढच्याच वर्षी ती १९४ किलो उचलून जगज्जेती झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा जागतिक विक्रम केला, त्याच वर्षी टोकियोत २०२ किलो आणि ऑलिंपिकचं रौप्य. मग २०२४ चं पॅरिस. तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती एकूण १९९ किलोंवर थांबली. कांस्य २०० ला गेलं. शेवटच्या प्रयत्नात ११४ किलो हुकले, तिच्याच विक्रमापेक्षा पाच किलो कमी. तिशी, दुखापती, चौथा क्रमांक: तेव्हा हा उतार आहे असं म्हणणारा माणूस काही वेडा नव्हता. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेतल्या फोर्डे इथे, ४८ किलो गटात, तिने जागतिक स्पर्धेचं रौप्य घेतलं. एकूण वजन पुन्हा १९९.

आकडा तोच. एकदा तो शेवटासारखा दिसला, एकदा पुनरागमनासारखा.

सांगलीच्या संकेत सरगरचा २०२२ चा बर्मिंगहॅमचा व्हिडिओ मी स्वतःहून पाहिला. २४८ किलोंवर रौप्य, सुवर्ण २४९ ला. १३९ किलो उचलताना कोपर दुखावलं, तरी तो पुन्हा त्याच वजनाला आला आणि पुन्हा चुकलं. ते पाहताना घशात आवंढा येतो. तरीही मनात आलं, दुखापतीला नाव असतं, तपासणी असते, सुट्टी मिळते. अडण्याला यांतलं काही नाही. ऑफिसला कळवण्यासारखंही काही नाही.

अनुवादात मी नेहमीच अडते, पण तिथे ते लपवता येतं. एखादं वाक्य येत नसेल तर पुढचं पान करते, जवळचा शब्द घालून ठेवते, समासात खूण करते. छापील पुस्तकात कुठे अडले होते ते कोणाला दिसत नाही. बारला जवळचा शब्द चालत नाही. ४३ किलो म्हणजे ४३, डोक्यावर, कोपरं सरळ. पण पद्धत ओळखीची निघाली. न येणारं वाक्य पुनःपुन्हा जोर लावून येत नाही. ते मोडून, क्रियापद कुठे जातंय ते पाहून, सुट्टं सुट्टं म्हणून पाहावं लागतं. ते येईल याची हमी तिथेही नसतेच.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ४३ किलो गेले. टाळ्या एकट्या सरांनी वाजवल्या, त्याही दोनच. त्यानंतर आजवर ते पुन्हा गेलेले नाहीत. म्हणजे माझा प्रश्न सुटलेला नाही. अडणं संपलं, की शिखर एक किलो वर होतं आणि आता ते मागे पडलं, दोन्ही अजून शक्य आहे. मात्र दोन्ही शक्यतांसाठी करायचं काम एकच आहे, हे त्या सहा महिन्यांत मला पटलं. अडथळा असेल तर मधला तुकडा बांधावा लागेल. उतार असेल तर तोच तुकडा राखावा लागेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार. ठोकळ्यांवरून तीन, मग स्क्वॉट. वहीत सर तारीख, वजन आणि किती वेळा एवढंच लिहितात. उद्यासाठी त्यांनी ३४ लिहून ठेवलेत.