तांबड्या पट्ट्यातला काळ

खेड घाटात हातोडी घेऊन उभं राहिलं की जाणारा-येणारा हमखास विचारतो, "साहेब, ज्वालामुखीचं तोंड कुठाय?" राखेचा शंकू आणि वर खळगा, हे चित्र शाळेपासून डोक्यात बसलेलं. मेक्सिकोतला पारिकुटीन तसाच होता. १९४३ मध्ये मक्याच्या शेतात फुटला, १९५२ मध्ये थंडावला. राजगुरुनगरला मात्र बोट दाखवायला शंकूच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा भेगांतून वर आला आणि पसरला. तशा भेगांत गोठलेल्या दगडी भिंती संगमनेरकडे दिसतात, पण कुठल्या भिंतीनं कुठला थर पोसला हे ठरवायला रसायनशाळाच लागते.

म्हणून तोंडाचा नाद सोडून आम्ही थर खालून वर वाचत जातो. विहीर खोदणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक आहे: खाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण, वर भोकाभोकांचा मांजऱ्या. थराच्या तळाशी कधी बोटभर लांबीच्या नळ्या सापडतात. वायू वर निघाला होता, लाव्हा पुढं सरकत होता, त्यात त्या वाकल्या. कल ज्या बाजूला, प्रवाह त्या बाजूला. पण एका नळीवर मी विश्वास ठेवत नाही, कातळभर मोजतो. शिवाय जाड थर म्हणजे एकदम आलेला लोंढा, असंही नाही. वरचं कवच आधी गोठलं, खालून लाव्हा घुसत राहिला आणि थर तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला.

खरा माल दोन थरांच्या मध्ये असतो. वीतभर विटकरी पट्टा, नखानं खरवडला तरी निघतो. ठेकेदाराच्या लेखी ती कटकट, कारण पावसात तिथूनच दरड सुटते. माझ्या लेखी तो विराम: लाव्हा थांबला, माथा झिजला, वाऱ्यानं राख आणून टाकली, मग पुढच्या लाव्हानं सगळं भाजून काढलं. प्रिन्स्टनच्या गटानं अशा पट्ट्यांतून झिरकॉनचे कण वेचून युरेनियम-शिशाच्या पद्धतीनं वय काढलं. बर्कलीच्या गटानं लाव्हातल्या फेल्डस्पारमधला अरगॉन मोजला. दोन्ही निबंध २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आले. पहिल्याला उद्रेकाचे चार झटके दिसतात, दुसऱ्याला तसे दिसत नाहीत. मी तूर्त कुंपणावर आहे. पट्टा जाड म्हणून विराम मोठा, हे समीकरण मात्र मला मान्य नाही. पावसानं किती माती धुऊन नेली, याचा हिशेब कोण देणार?

दुसरी खूण जवळच आहे. मंचर आणि गिरवली ही गावं भूशास्त्रात दोन थरांची नावं होऊन बसली आहेत. त्यांत फेल्डस्पारचे काही सेंटिमीटर लांब, फिकट स्फटिक काळ्या दगडात आडवेतिडवे पडलेले दिसतात. लाव्हा जमिनीखाली साठून होता तेव्हा ते वाढले. गिरवलीच्या थराशी भीमाशंकर गट संपतो, वर खंडाळा गट सुरू होतो. आयुकाची दुर्बीण याच गिरवलीत आहे; वर बघणाऱ्यांची सोय झाली, खाली बघणाऱ्यांनी आपापला डबा न्यावा.

हे सगळं वाचायला रस्त्याचा ताजा काप उत्तम. जाळी ठोकून सिमेंट फवारलं की पट्टा झाकला जातो. त्यामुळे जेसीबी चालू असतानाच मुकादमाला गाठायचं, हेल्मेट घालायचं आणि टेप लावायची.