निपाणीचा सूर्यास्त

सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांच्या कानांवर दिवसातून पाच वेळा अजान पडते. तिच्या वेळा ऋतूगणिक सरकतात हे ध्यानात येते. का सरकतात, याचा विचार क्वचितच कोणी करतो. सरकारी नोकरीत आयुष्य घड्याळाच्या काट्यावर गेल्यामुळे असेल, मला या न ठरलेल्या वेळांचे कुतूहल फार.

नमाजाची वेळ सूर्य ठरवतो. पहाटेचा उजेड क्षितिजावर आडवा पसरला की फजर, सूर्य माथ्यावरून कलला की जोहर, सूर्यास्ताला मगरिब, संधिप्रकाश पुरता विझला की इशा. असर मात्र सावलीवरून ठरते. माध्यान्हीची सावली वजा जाता उरलेली सावली वस्तूएवढी झाली की शाफींची असर सुरू होते. हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. आपल्याकडे बहुतेक हनफी, कोकणपट्टीत शाफी पुष्कळ. त्यामुळे दोघांत सुमारे तासाचे अंतर पडते. चौदाव्या शतकात दमास्कसच्या मशिदीत या गणितासाठी इब्न अल्‌-शातिर हा ज्योतिर्विद नेमलेला होता.

आता आपले घड्याळ. १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. बेळगाव सुमारे साडेचौऱ्याहत्तरवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपला सूर्य घड्याळामागे बत्तीस मिनिटे. येथील माध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. तीही स्थिर नाही: पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे नोव्हेंबराच्या आरंभी ती सव्वाबाराला येते, फेब्रुवारीच्या मध्यास पाऊणला.

२०१६ साली रमजान जूनमध्ये आला होता. आमच्या कार्यालयात कोणीतरी बेंगळुरूचे वेळापत्रक आणून लावले. तेथला सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास, आपला सातनंतर. रोजा धरणारे एक सहकारी त्या कागदाकडे पाहून हसले. म्हणाले, “साहेब, भूक इथली, मग सूर्य तिथला कशाला?” पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाचे हे बोलणे. त्या कागदावर विसंबून कोणी रोजा सोडला असता, तर दिवसभराची तहान सोसूनही तो सूर्यास्ताआधीच सुटला असता.

नुसत्या रेखांशाने बेळगाव आणि बेंगळुरू यांत बारा मिनिटे पडतात. परंतु आपण उत्तरेला असल्याने जूनमध्ये आपला दिवस अधिक मोठा, डिसेंबरात अधिक लहान. म्हणून सूर्यास्तातले अंतर जूनमध्ये सतरा-अठरा मिनिटांवर जाते आणि डिसेंबरात सातांवर येते. सरसकट बारा मिनिटे मिळवूनही भागत नाही; चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान सर्व ऋतूंतून फिरतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी म्हैसूर राज्यात गेली. तिची मगरिब आजही कोल्हापूरच्या मगरिबीशी एखाद्या मिनिटाच्या फरकाने येते. राजधानीशी तिचा मेळ बसत नाही. राज्याचा नकाशा समोर ठेवून नमाजाचे कोष्टक करणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

आपल्या घरांतही निराळे काय आहे? संकष्टीचा चंद्रोदय दिनदर्शिकेत गावागावाचा वेगळा छापतात. मुंबईची वेळ वरच मोठ्या अक्षरांत असते, तरी आमच्या घरी चष्मा लावून बारीक अक्षरांतले बेळगाव शोधले जाते आणि तोवर मोदकांना कोणी हात लावत नाही.