गारांचा पंचनामा

बर्फ काश्मिरात पडते एवढेच आम्ही शाळेत शिकलो होतो. आमच्या मराठवाड्यातल्या रानात पांढरा थर साचलेला आम्ही 2014 च्या मार्च महिन्यात डोळ्यांनी पाहिला. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मराठवाडा आणि विदर्भातल्या अनेक गावांना गारपिटीने झोडपले.

आम्ही तालुक्याला एका पतसंस्थेत कारकून. रविवार म्हणून सहकुटुंब गावी गेलो होतो. दुपारी आभाळ काळेनिळे झाले आणि लिंबाएवढ्या गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा आवाज, की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येईना. सौ.ने लेकरांना बाजेखाली ढकलले. वस्तीतले सिमेंटचे पत्रे एकामागून एक फुटू लागले. शेजारची मावशी डोक्यावर घमेले धरून रानातून पळत आली. तिच्या दोन शेळ्या मात्र आल्या नाहीत.

अर्ध्या तासात सगळे शांत झाले. लिंबाखाली पाखरांचा खच पडला होता. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली होती. विजेचे खांब पडले, गिरणी बंद झाली, म्हणून चार दिवस भाकरीऐवजी घुगऱ्या खाल्ल्या. पारावर कुणी म्हणाले, हा देवाचा कोप आहे. आम्ही समजावले, तापलेली हवा जोराने वर चढते, पाण्याचे थेंब उंचावर गोठतात, पुन्हा पुन्हा वर फेकले जातात, थरावर थर चढतो आणि जड झाले की खाली पडतात. मावशी म्हणाली, "आसंल बाबा. पर माझ्या शेळ्या कोन देनार?"

इथे आमची चूक सांगितलीच पाहिजे. शेळ्या पुरून टाका, रोगराई होईल, असे आम्हीच सांगितले. पंचनाम्याशिवाय मेलेल्या जनावराची मदत मिळत नाही, हे बी. कॉम. झालेल्या माणसाला सुचले नाही. मावशीला एक पैसा मिळाला नाही. तिने आम्हाला दोष दिला नाही, त्याचे जास्त वाईट वाटते.

पुढच्या आठवड्यात तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक आले. पिकाचा पंचनामा सातबाऱ्यावर होतो. ज्यांची शेती गेली त्यांचे दुःख खोटे नव्हते, सरकारने हेक्टरी मदत जाहीर केली ती हवीच होती. पण सुगीवर ज्यांचे वर्ष चालते त्या मजुरांचे काय? आमच्या वस्तीत बहुतेकांना जमीनच नाही. ज्वारी काढणीत पैशाबरोबर धान्य मिळते, त्यावर पावसाळा निघतो. तेही गेले. मावशीच्या कुटुंबाने गायरानाचा तुकडा वर्षानुवर्षे कसला, त्यातला हरभरा गेला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे कायम करण्याचा शासन निर्णय 1991 साली निघालेला आहे, तरी सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते. दादासाहेब गायकवाडांनी 1959 साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो ह्याच सातबाऱ्यासाठी, असे आम्ही भाषणात अनेकदा बोललो होतो. त्या दिवशी ते अंगावर आले.

मग आम्ही शंभर पानी वही घेतली. घरोघर बसून लिहिले, कोण कुणाच्या रानात जाणार होते, किती दिवस, किती पायल्या ज्वारी मिळाली असती. कारकुनाला दुसरे येते काय? वही घेऊन तालुक्याला गेलो. साहेबांनी चाळली आणि म्हणाले, "ह्याला रकानाच नाही." त्यातच लोकसभेची आचारसंहिता लागलेली. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का तेवढा मारून घेतला.

रोजगार हमीचे मात्र जमले. काम मागण्याचे अर्ज वस्तीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी दिले आणि पोच घेतली. पोच हातात असली की पंधरा दिवसांत काम द्यावे लागते, नाहीतर बेकारी भत्ता मागता येतो. काम निघाले, उशिरा का होईना. तोवर तीन कुटुंबे वीटभट्टीवर निघून गेली होती, त्यांची मुले परीक्षेला बसली नाहीत.

2023 च्या मार्चमध्ये पुन्हा गारा पडल्या. संध्याकाळी मावशीचा फोन आला. जयभीम म्हणायच्या आधीच तिने विचारले,

"लेकरा, करडू मेलंय. म्या पुरलं न्हाई. आता कुनाला बोलवू?"

"झाकून ठेव मावशी," आम्ही म्हणालो, "निघालोच."