फोनला येत होतं, पण तो सांगत नव्हता

२०२० चा जून. शाळा मार्चपासून बंद. ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलेलं. दापोली-मंडणगडच्या मानाने आम्ही रत्नागिरीकर थोडक्यात वाचलो, तरी नेटवर्क कधी येई, कधी जाई. अशा दिवसांत मी आठवीच्या वर्गाला व्हॉट्सॲपवर सराव चाचणीची लिंक पाठवत होते. कोणी चाचणी उघडली ते माझ्या फोनवर दिसायचं.

एका मुलीच्या नावासमोर आठ दिवस काहीच दिसलं नाही. विचारलं तर म्हणाली, "टीचर, उघडतच नाय."

मी म्हटलं, "व्हॉट्सॲप उघडतं, मग हे कसं उघडत नाही?"

ती गप्प राहिली. ते गप्प राहणं मी कबुली समजले आणि वहीत तिच्या नावापुढे 'अभ्यास टाळते' असं लिहून ठेवलं. वीस वर्षं शिकवल्यावर चेहरा न बघताही मूल ओळखता येतं, असा एक गर्व अंगात शिरतो. तो माझ्यातही शिरला होता.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तेव्हा तो गावी येऊन घरूनच काम करत होता. वेगळ्याच कामासाठी त्याचा फोन आला, बोलता बोलता मी ही तक्रार केली. तो म्हणाला, "मॅडम, फोन कुठला आहे ते विचारा ना आधी." विचारलं. अब्बा कुवेतहून घेऊन आलेले, त्यांनी वापरून झाल्यावर घरात ठेवलेला, अँड्रॉइड ४.२ वाला फोन. तो हसला. "मग पोरगी खरं बोलतेय."

त्या दिवशी त्याने मला जे समजावलं ते मी पुढे बरंच वाचत गेले. उर्दू-मराठीच्या शिक्षिकेला त्याचं काय, असं वाटेल. पण ऐकाल तर कळेल, हा विषय माझाच आहे.

आपला फोन म्हणजे क्लायंट, आणि वेबसाइट जिथे ठेवलेली असते तो दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर. दोघांना बोलायचं तर बोलण्याची एक ठरलेली रीत लागते, तिला प्रोटोकॉल म्हणतात. मधल्या कोणी ऐकू नये म्हणून जी कुलूपबंद रीत वापरतात तिचं नाव टीएलएस. तिच्या आवृत्त्या निघत गेल्या: १.० ही १९९९ ची, १.१ ही २००६ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. जुन्या आवृत्त्यांची कुलपं आता कच्ची झालीत. पण जगातले सगळे फोन आणि सगळे सर्व्हर एका रात्रीत नवे होत नाहीत. म्हणून प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला दोघं आधी ठरवतात, आज कुठल्या आवृत्तीत बोलायचं.

फोन पहिला निरोप पाठवतो. त्याचं नावच 'क्लायंट हॅलो'. त्यात तो सांगतो, मला अमुकपर्यंत येतं. सर्व्हर आपल्याला येणाऱ्यांपैकी त्यात बसणारी सगळ्यात वरची आवृत्ती निवडतो आणि 'सर्व्हर हॅलो'मध्ये कळवतो. दोघांना येणारी एकही निघाली नाही, तर बोलणं तिथेच संपतं. पडद्यावर फक्त 'सुरक्षित कनेक्शन होऊ शकत नाही' असं काहीतरी येतं. तेरा वर्षांच्या मुलीने त्यातून काय समजायचं?

त्या मुलीचा फोन सर्व्हरला सांगत होता, मला १.० येतं. सर्व्हर म्हणत होता, १.२ च्या खाली मी बोलत नाही. व्हॉट्सॲप मात्र चालत होतं, कारण त्याची बोलण्याची रीत ते स्वतःबरोबर घेऊन फिरतं, फोनच्या ब्राउझरवर अवलंबून राहत नाही. माझा सगळा संशय ज्या गोष्टीवर उभा होता, ती अशी साधी निघाली.

आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट पुढे आहे. अँड्रॉइड ४.१ पासून फोनमध्ये १.२ आवृत्ती होतीच. फक्त ती मुळात बंद ठेवलेली होती. ५.० पासून ती आपोआप चालू मिळू लागली. म्हणजे त्या फोनला १.२ येत होतं. तो हॅलोमध्ये सांगत नव्हता, एवढंच.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. अशी किती मुलं मी पाहिलीत! घरी कोकणी बोली, जी मराठीला अगदी लागून आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर बापाबरोबर मासळीचा भाव करताना फाडफाड मराठी. पण कार्यालयातल्या खिडकीसमोर उभं केलं की मान खाली आणि तोंडातून तुटकी हिंदी. येत असतं, पण सुरुवातीच्या हॅलोमध्ये ते स्वतःच स्वतःला खालची आवृत्ती सांगतात.

उलटही होतं. मी बुरखा घालते. दुकानात जाऊन स्वच्छ मराठीत म्हणते, "दादा, दोन किलो सुरती कोलम द्या." उत्तर येतं, "पुराना चाहिए या नया?" मी पुन्हा मराठीत बोलते, तो पुन्हा हिंदीत. माणूस वाईट नसतो. त्याने माझा हॅलो कानावर येण्याआधीच माझी आवृत्ती ठरवलेली असते. माझी भाषा त्याला येते, त्याची मला येते, आणि आम्ही दोघं मिळून तिसऱ्या, दोघांनाही नीट न येणाऱ्या भाषेत तांदूळ घेतो.

संगणकातही हे घडलं आहे. पूर्वी काही सर्व्हर असे होते, की फोनने आपल्याला माहीत नसलेली वरची आवृत्ती सांगितली की ते 'मला इथपर्यंत येतं, तिथे भेटू' असं म्हणण्याऐवजी बोलणंच तोडायचे. मग ब्राउझर पुन्हा एक पायरी उतरून विचारायचा, पुन्हा उतरून. ही सवय घातक ठरली. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'पूडल' नावाचा हल्ला जाहीर झाला. मधे बसलेल्या माणसाने मुद्दाम बोलणं तोडत राहायचं. दोन्ही बाजूंना वाटतं, समोरच्याला वरचं येत नाही. शेवटी दोघं १९९६ च्या, सहज फुटणाऱ्या रीतीवर येतात आणि मधला ऐकत बसतो. दोघांनाही वरचं येत असताना! याला डाउनग्रेड म्हणतात. मधे बसून दोन माणसांना एकमेकांबद्दल असं पटवत राहणारे आपण बाहेरही बघतोच की.

१.३ बनवणाऱ्यांनी यावर केलेली दोन कामं मला फार आवडली. पहिलं असं की हॅलोच्या दर्शनी भागात १.२ हाच जुना आकडा ठेवला आणि १.३ येतं ही खरी गोष्ट आतल्या एका यादीत लिहिली, म्हणजे नव्या नावाला बिचकणारे दारातूनच हाकलणार नाहीत. वाचताना हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. कोकणात 'कर' लावलेली आडनावं हिंदूंतही आहेत, आमच्यातही. भाड्याच्या घरासाठी फोन करताना आमची मुलं आधी नुसतं आडनावच सांगतात, नाव नंतर.

दुसरं काम म्हणजे एक खूण. १.३ येणाऱ्या सर्व्हरला खालच्या आवृत्तीत उतरावं लागलं, तर तो आपल्या उत्तरातल्या यादृच्छिक आकड्यांच्या शेवटी सात इंग्रजी अक्षरं घालतो: डी, ओ, डब्ल्यू, एन, जी, आर, डी. नव्या फोनला ती दिसली की तो ओळखतो, आम्हा दोघांना वरचं येतं, मधल्याने खाली ओढलंय. तो बोलणं थांबवतो. 'डाउनग्रेड' शब्दातला 'ए' आणि 'ई' गाळून ही अक्षरं उरतात. उर्दूत जेर-जबर न लिहिता शब्द वाचायची सवय असलेल्या मला तो लगेच वाचता आला.

मग जुन्या फोनवाल्यांनी काय करायचं? कायम खालच्या आवृत्तीत बोलत राहिलं तर सगळ्यांची कुलपं कच्ची राहतात, हे खरंच आहे. पण दार बंद करणाऱ्यांनाही कधी थांबावं लागलं. मार्च २०२० मध्ये फायरफॉक्सने १.० आणि १.१ बंद केल्या, आणि थोड्याच दिवसांत तात्पुरत्या परत चालू केल्या. कारण कोरोनाची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट तेवढंच बोलू शकत होत्या. लोकांना माहिती मिळणं त्या आठवड्यांत जास्त गरजेचं होतं. जूनअखेर पुन्हा बंद केल्या. नियम ठेवला, पण माणसं बघून थोडी मुदत दिली. शिक्षिका म्हणून मला हे पटतं.

आमच्या मुलीचा प्रश्न मात्र पाच मिनिटांत सुटला. माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं, त्या फोनवर फायरफॉक्स टाकायला सांगा. तो ब्राउझर टीएलएस स्वतःबरोबर आणतो, आणि तेव्हा तो अँड्रॉइड ४.२ वरही चालत होता. संध्याकाळी तिच्या नावासमोर खूण दिसली. मागच्या आठही चाचण्या तिने दोन दिवसांत सोडवल्या. शब्दार्थात दोन चुका, बाकी सगळं बरोबर.

मी तिला फोन केला आणि माफी मागितली. "तू खरं सांगत होतीस, मी ऐकलं नाही." ती काहीच बोलली नाही. मागून तिच्या अम्मीचा आवाज आला, "अगं, टीचर बोलतायत, काय तरी बोल." मग ती म्हणाली, "टीचर, उद्याची लिंक कधी येणार?"

'अभ्यास टाळते' ही ओळ मी खोडली. ती वही अजून माझ्याकडे आहे. आता नवीन वर्गात गेले की पहिल्या दिवशी मुलांना सांगते, तुम्हाला ज्या ज्या भाषा येतात त्या सगळ्या सांगा, थोडी येत असेल ती पण. एकेकाचं पूर्ण ऐकते. कोणाला काय येतं ते वहीत लिहायला त्यानंतरच घेते.