रखमाबाईंचा नकार

ओटीवर सुपातले तांदूळ पाखडीत आत्याबाई लग्नाचा तगादा लावतात, तेव्हा चिंचोटीच्या या घरी मला रखमाबाईंचे स्मरण होते. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या, दादाजी भिकाजींकडे नांदावयास साफ नाकारणाऱ्या आणि १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने ‘नवऱ्याकडे जा, अन्यथा सहा महिने कैद’ असा हुकूम फर्माविला असता कैदच पत्करू म्हणणाऱ्या त्या मानिनीचा, पुढे दावा तडजोडीने मिटल्यावर लंडनला वैद्यक शिकून सुरतेस रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा, मला हेवाच वाटतो. प्रेम मलाही हवे आहे. परंतु जेथे नकाराची मुभा नाही, तेथल्या होकाराला प्रेम कसे म्हणावे?

“मुलगा वसईचाच आहे, बघायला काय हरकत?” आत्याबाई म्हणाल्या.

हरकत नाही, म्हटले. मात्र आधी मीच त्याला भेटेन, एकटी.