टीएन ३४

सोलापूर सोडून विजापूरच्या रस्त्याला लागलं की भीमा आडवी येते. पुलाच्या पलीकडे कर्नाटक. पूल ओलांडून थोडं पुढे गेलो असू, तेवढ्यात समोरून एकामागे एक दोन जड गाड्या आल्या. पहिलीच्या पाठीवर लोखंडी मनोरा आडवा निजवलेला, दुसरीत कंप्रेसर आणि रॉडची चळत. दोन्ही गाड्या करड्या धुळीनं माखलेल्या. नंबरपाटी तेवढी कुणीतरी फडक्यानं पुसून ठेवली होती : टीएन ३४.

“बोअरची गाडी,” पुढच्या सीटवरून नाना म्हणाले, “आपल्याकडं चालली.”

ते मान वळवून मागे बघत राहिले. त्यानंतर बराच वेळ गाडीत कुणी काही बोललं नाही.

आम्ही कन्याकुमारीला निघालो होतो. हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, बेंगळुरू आणि तिथून ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. हा रस्ता श्रीनगरहून निघतो आणि देशाचं शेवटचं टोक येईपर्यंत थांबत नाही. गाडीत नाना, आई, आम्ही दोघं आणि लेक. डिकीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. प्रवासाला कडक भाकरीच्या तोडीचं अन्न नाही, हे माझं मत कुठल्याही हॉटेलच्या मेनूकार्डानं बदललेलं नाही. आलमट्टीचं पाणी जिथं समुद्रासारखं पसरलं आहे, त्या कोल्हारच्या पुलाजवळ मडक्यातलं दही मिळतं. त्यात भाकरी चुरायची, वर चटणी घालायची, की झालं जेवण.

नाना रस्ता बघत नाहीत, रान बघतात. “अजून काळीच हाय,” ते मधूनमधून सांगायचे. बागलकोटच्या आसपास आपला काळा पाषाण संपतो आणि दुसरा खडक सुरू होतो. वरची माती मात्र लगेच रंग बदलत नाही. पार हावेरीपर्यंत काळ्या रानात कापूस आणि मका दिसत राहतो. राज्याची हद्द एका पाटीवर संपते. मातीची हद्द संपायला दिवस लागतो, आणि ती कुठं संपली हे नानांसारख्या माणसालाच नेमकं सांगता येतं.

टीएन ३४ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. ती पाटी मी पहिल्यांदा पाहिली २००३ च्या उन्हाळ्यात, नववीची परीक्षा झाल्यावर. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. विहिरीचा तळ दिसत होता आणि त्या तळात माणूस उतरवून वाटीनं पाणी भरावं लागत होतं. द्राक्षाची बाग जगवायची तर बोअर मारण्यावाचून इलाज नव्हता. आधी पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा धरून तो सगळं रान फिरला आणि बांधाजवळच्या एका जागी नारळ उभा राहिला. नानांचा त्यावर विश्वास नव्हता, आजीचा होता. जागा आजीच्या मतानं ठरली.

गाडी आली रात्री अकराला. बोअरच्या गाड्यांना दिवसरात्र नसते. एका गावातलं काम संपलं की पुढच्या गावातला शेतकरी मोटारसायकल घेऊन वाट दाखवायला उभाच असतो. आठ-नऊ पोरं उतरली. लुंग्या वर खोचलेल्या, तोंडाला पंचे बांधलेले. मनोरा हळूहळू उभा राहिला, कंप्रेसर सुरू झाला आणि जमीन हादरायला लागली. कंप्रेसरची हवा रॉडमधून खाली हॅमरपर्यंत जाते, हॅमर खडक फोडतो आणि तीच हवा खडकाचा भुगा कडेकडेनं वर फेकते. पहिला लाल मुरूम वर आला. मग काळा पाषाण लागला आणि करड्या धुरळ्याचा लोट उठला. बॅटरीच्या उजेडात आमची पिंपरण, गोठा, बैल, उभी राहिलेली माणसं, सगळं एकाच रंगाचं झालं.

एक रॉड म्हणजे वीस फूट. मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारत बसले. दहा रेघा झाल्या, म्हणजे दोनशे फूट. धुरळा कोरडाच. नाना खिशात हात घालून उभे होते आणि त्या खिशात सोसायटीच्या कर्जाचे पैसे होते. भाव फुटावर असतो, आणि एका खोलीच्या पुढे फुटाचा भावही चढतो. पंधरा रेघा. ऑपरेटर, तो जेमतेम विशीतला असेल, उडालेला भुगा मुठीत घेऊन दाबून बघायचा. मूठ उघडली की भुगा वाऱ्यावर उडून जायचा. ओल असती तर त्याचा गोळा राहिला असता. तो नानांकडे बघून हात पुढे करायचा आणि विचारायचा, “अण्णा, पुढं?” एवढं मराठी त्याला येत होतं. नाना मान हलवायचे. आणखी एक रॉड चढायचा.

आपल्याकडच्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखं नसतं. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले असतात आणि पाणी राहतं ते त्यांच्या भेगांत, सांध्यांत, दोन थरांच्या मधल्या फटीत. साडेसहा इंचाचं भोक त्या फटीवर नेमकं पडलं तर पडलं. दहा हातांवर शेजाऱ्याला दोन इंची पाणी लागतं आणि आपल्याला नुसता भुगा. हे मी पुढे पुस्तकात वाचलं. त्या रात्री मला फक्त रेघा दिसत होत्या.

मध्ये एकदा रॉड बदलताना त्यांच्यातला एक जण आजीपाशी आला. दुसऱ्या गाडीच्या आडोशाला त्यांनी चूल पेटवली होती, भात शिजत होता. त्यानं जीभ टाळूला लावून आंबट तोंड केलं. आजीला क्षणात कळलं. घरात जाऊन तिनं वर्षाच्या चिंचेची अख्खी बरणीच आणली. गोळाभर चिंचेनं भागलं असतं, पण त्यानं बरणीत हात घालायला संकोच केला तेव्हा तिनंच मूठ भरून पानावर वाढली. “लेकरं कुठनं कुठं आल्यात,” ती मला म्हणाली. थोड्या वेळानं त्यांच्या रसमचा वास सगळ्या रानात पसरला. पुढं मोठमोठ्या ठिकाणी रसम प्यायले, पण खडकाच्या धुरळ्यात मिसळलेला तो वास मला कुठंही सापडला नाही.

बाविसाव्या रेघेला नानांनी हात वर केला. चारशे चाळीस फूट. कंप्रेसर बंद झाला आणि एवढी शांतता पसरली की बैलांच्या गळ्यातली घंटा मोठ्यानं वाजल्यासारखी वाटली. बोअर कोरडा गेला होता. नानांनी तिथंच वाकून पैसे मोजले. ऑपरेटरनं ते न मोजता घेतले. मनोरा उतरवला, रॉड भरले, आणि गाडी सुरू करायच्या आधी तो परत आला. केसिंगच्या तोंडावर त्यानं जाड गोणपाट बांधलं, वर दोघांना मिळून उचलावा लागेल असा दगड ठेवला. मग माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे बोट दाखवून आजीला हातानं काहीतरी समजावलं. आजीनं मान डोलावली. ते लोक तांबडं फुटायच्या आत निघून गेले.

उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडण्याच्या बातम्या पुढे किती वाचल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली त्याबद्दल नियम घालून दिले : भोवती कुंपण हवं, तोंडावर झाकण हवं, वापरात नसलेला बोअर बुजवायला हवा. आमच्या रानात ते काम एका परक्या पोरानं आधीच करून ठेवलं होतं, कुणी न सांगता, रात्रभर जागून, पाणी न लागल्याच्या ओशाळ्या चेहऱ्यानं. नानांनी नंतर त्या बोअरभोवती खड्डा घेऊन गोटे, खडी, वाळू भरली आणि पावसाचं पाणी त्यात सोडलं. त्याला ते आजही अण्णाचा बोअर म्हणतात.

चित्रदुर्गला माती लाल झाली. एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोल प्रचंड दगड आणि त्यांच्या मधून चढत गेलेला किल्ला. हैदर अलीचे सैनिक ज्या फटीतून एकेक करून आत शिरत होते, तिथं मुसळ घेऊन उभ्या राहिलेल्या ओबव्वाची गोष्ट लेकीनं तीनदा सांगायला लावली. नाना मात्र एका कातळाला हात लावून उभे होते. “ह्यात बोअर मारायचा म्हणजे...” एवढंच म्हणाले.

बेंगळुरूच्या वाहतुकीबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे. होसूरनंतर श्वास मोकळा झाला. धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा घाट लागतो, तिथं उताराला लागलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं चालतात. सेलमच्या अलीकडे मी म्हटलं, आपण टीएन ३४ च्या गावाला, तिरुचेंगोडेला जाऊ या. महामार्ग सोडून आत वळावं लागणार होतं. नवऱ्यानं फोनमधला नकाशा बघितला, नानांकडे बघितलं आणि गाडी वळवली.

गावाच्या डोक्यावर डोंगर आहे आणि डोंगरावर अर्धनारीश्वराचं देऊळ. एकाच मूर्तीत शिव आणि पार्वती. आई हात जोडून बराच वेळ उभी होती. पण आम्ही ज्यासाठी आलो होतो ते खाली होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोअरच्या गाड्या. काही जुन्या, उघड्या पोटानं वर्कशॉपमध्ये उभ्या. काही कोऱ्या, हळदकुंकू लावलेल्या, पुढे लिंबू बांधलेलं. दुकानांत बिटं, हॅमर, रॉड, होसपाइप. वेल्डिंगच्या ठिणग्या. देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात जमीन भेदणाऱ्या गाड्या इथून निघतात. हा सगळा मुलूखच कोरडा आहे. जिथं पाणी सहज मिळत नाही, तिथल्या माणसांनी पाणी शोधायचं काम हाती घेतलं आणि मग दुसऱ्यांच्या तहानेसाठी दूरदूर निघाली, असं मला तिथं उभं राहून वाटलं.

चहाच्या टपरीवर एक म्हातारा गृहस्थ बसला होता, पांढरी वेष्टी, कपाळावर भस्म. आमच्या गाडीचा एमएच १३ नंबर बघून तो उठून आला.

“सोलापूर?” त्यानं विचारलं. “बार्शी? करमाळा?”

नानांचा चेहरा उजळला. “बार्शी.”

“बार्शी पाचशे,” तो म्हणाला. “लातूर सातशे, तण्णि इल्ले. पंढरपूर दोनशे, भरपूर.”

तो बोटांवर तालुके मोजत होता. तुळजापूर, औसा, जत, सांगोला. प्रत्येक नावापुढे फूट. महाराष्ट्र मी शाळेत नद्यांनी शिकले, जिल्ह्यांनी शिकले. या माणसाच्या डोक्यात तो खोलीनं भरलेला होता. गावाचं नाव, खडकाचा रंग, पाणी लागलं की नाही. त्याच्या मराठीत क्रियापदं कमी होती, पण मुरूम, पाषाण, केसिंग, इंची, उधारी हे शब्द अगदी आमच्या गावच्या वळणाचे होते.

नानांनी २००३ सालाबद्दल विचारलं. त्यानं मान हलवली. त्या साली तो आंध्रात होता, अनंतपूरकडे. पोरं घरी ठेवून आठ-आठ महिने. “दिवाळी घरी, नंतर परत रोड,” तो म्हणाला. मग त्यानं आईला विचारलं, “ताई, आता पाणी हाय का?”

आई म्हणाली, “यंदा हाय, दादा.”

तो इतका मनापासून हसला की मी दुसरीकडे बघितलं. चहाचे पैसे त्यानं आम्हाला देऊ दिले नाहीत. नाना त्याचा हात दोन्ही हातांत धरून उभे होते आणि दोघांनाही आणखी काही बोलायचं सुचत नव्हतं. आमच्या दारात रात्री येऊन पहाटे निघून गेलेल्या माणसांना गाव असतं, चढाचं देऊळ असतं, वाट बघणारं घर असतं, हे नानांना एरवीही माहीत होतं. पण आता ते पाहून झालं होतं.

नामक्कलला अंड्यांच्या गाड्याच गाड्या आणि ट्रकच्या बॉडी बांधणारे कारखाने. करूर, दिंडिगल भराभर मागे पडले. मदुराईला मीनाक्षीच्या देवळात लेक दमली आणि नवऱ्याच्या खांद्यावर झोपली. गोपुरं तिनं स्वप्नात पाहिली असणार.

तिरुनेलवेलीला ताम्रपर्णी भेटते. इथला हलवा प्रसिद्ध आहे आणि लोक त्याचं श्रेय आचाऱ्याला न देता नदीच्या पाण्याला देतात. हे मला फार आवडलं. नेल्लैयप्पर मंदिरासमोर एक दुकान संध्याकाळी उघडतं आणि माल संपला की बंद होतं. रांगेत आमच्या पुढे मोगऱ्याचा गजरा माळलेली एक बाई होती. कढईत काय असतं ते तिनं हातवाऱ्यांनी आणि थोड्या हिंदीत सांगितलं : गहू भिजवायचा, वाटायचा, त्याचं दूध काढायचं, साखर, तूप, आणि हात मोडेपर्यंत घोटायचं.

“म्हणजे चीकच की,” आई एकदम म्हणाली. “आपण कुरडईला काढतो तो.”

त्यानंतर दोघींचं जे सुरू झालं ते थांबेना. आमच्याकडे गहू तीन दिवस भिजवतात हे आईनं तीन बोटं दाखवून सांगितलं. बाईनं आश्चर्यानं एक बोट वर केलं आणि झोपल्याची खूण केली : एक रात्र. चोथ्याचं काय करता, आईनं विचारलं. बाईनं गाईची शिंगं करून दाखवली. आमच्यातही गाईलाच, म्हणून आईनं टाळी दिली.

हलवा गरमच खावा. डब्यात भरून घरी आणलेला हलवा वेगळा पदार्थ असतो. पानावरचा तो गोळा बोटांतून निसटत होता आणि तूप मनगटापर्यंत आलं होतं. पाव किलो आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्याच संपवला, आणि नाना काही न बोलता आणखी आणायला रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.