सायबाची गाठ

मैत्रिणींनो, घटस्फोट हा शब्द आपण बायका अजून हळू आवाजातच उच्चारतो, नाही का? मालवणात आमच्या शेजारच्या कॅथलिक मावशींची लेक दोन वर्षं माहेरी आहे. परत जाण्यात अर्थ नाही, हे सगळ्यांनाच दिसतं. पण मावशी म्हणतात, "गो बाय, ही सायबान घातलेली गाठ. ती आमी कशी सोडूची?"

परवा पाचगणीहून माझी बहाई मैत्रीण आली होती. (तिथे बहाईंची शाळा १९४५ पासून आहे.) विषय निघालाच. मोशेच्या कायद्यात नवऱ्याला सोडचिठ्ठी देता येई. येशूने ती माणसांच्या कठोर मनासाठी दिलेली सवलत ठरवली. त्याच आधारावर कॅथलिक चर्च आजही लग्न अतूट मानतं. मुळात ते वैधच नव्हतं असं चर्चच्या न्यायालयाने ठरवलं, तर गोष्ट वेगळी. बहाई म्हणतात, देव एकच, पण समाजाचे नियम युगागणिक नव्याने येतात. त्यांच्यातही घटस्फोट नापसंतच. पण मनं विटलीच तर वर्षभर वेगळं राहायचं, समेटाचा प्रयत्न करायचा, मगच सुटका.

मावशी म्हणाल्या, "वरीसभर थांबूचा, ह्या बरा. पण आमचो कायदो वेगळो."

तरी दुसऱ्या दिवशी त्या लेकीला घेऊन फादरांकडे गेल्या. दोन वर्षांत प्रथमच! भगिनींनो, धर्म ज्याचा त्याने पाळावा. पण आधी लेकीचं ऐकून घ्यावं, एवढं कुठल्याही धर्मात बसतं.